वृद्धापकाळाने

१९९६ साल. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर घरी न्यायला यायचे म्हणून. पण मेहरूणच्या माझ्या दुकानात मोटार, रेडिओ, टीव्ही काहीही येवो, मी न उघडता परत पाठवलं नाही.

मे महिन्यात भर दुपारी धुळ्याचे एक आबा आले. रुमालात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बांधलेली. गाठ सोडली तसा जळका वास आला. खालच्या हिरव्या सर्किटच्या पाटीवर एक काळा खड्डा. आठ दिवसांपूर्वी खांबावरची न्यूट्रलची तार तुटून घरात दुप्पट करंट आला होता. डिस्क जळाली, आणि लोखंडी कूलरला हात लावून उभा असलेला त्यांचा पोरगा जागेवर गेला. अठ्ठावीस वर्षांचा, बिनलग्नाचा.

"बठ्ठा म्हणतस, व्हनार नही," आबा म्हणाले. "आख्ख्या गावना गंधमुक्तीना कार्ड त्यानी लावात, भाऊ. त्याना कार्ड दुसरानी कसाले लावाना? त्याना हातना नमुना याम्हा शे."

पोरगा कॉम्प्युटरवर दिवसकार्याची, म्हणजे गंधमुक्तीची, कार्डं जुळवायचा. बठ्ठा, म्हणजे सगळेच, नाही म्हणतात ना, मग मी करणारच.

शेजारी एक ताई लग्नपत्रिका जुळवायची. तिच्या कॉम्प्युटरची डिस्क काढून दोन्ही शेजारी ठेवल्या. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात, आणि अक्षरांचं वळण चित्रासारखं जुळवता येतं. दोन्हींवरचं सगळं जुळलं.

"नाना, माझी जळाली तर?" ताई.

"तुझी जळाली तर माझं दुकान तुझं."

"तुमच्या दुकानात आहे काय? उंदीर!"

तिच्या डिस्कची पाटी सोडवून मेलेल्या डिस्कवर चढवली. ती ताईच्या कॉम्प्युटरला जोडून बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग आत गरगर सुरू झाली, आणि थांबून थांबून टकटक. कोणीतरी आत बसून कळा दाबतोय असं वाटलं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आबा डिस्ककडे बघत होते, पडद्याकडे नाही.

ताईला नमुना सापडला. ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

मेलेल्याच्या जागी त्या पोराचंच नाव होतं. 'आमचे वडील … यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले.' खाली शोकाकुल म्हणून दोन मुलं, सुना, चार नातवंडं. सगळ्यांना नावं दिलेली. जन्मालाच न आलेली माणसं ओळीनं उभी होती. आणि त्याच्या नावाखाली, 'कै.' लावून, आबांचं नाव.

"नमुनाच आहे, आबा," ताई घाईनं म्हणाली. "नमुन्यात दुसऱ्याचं नाव घालणं बरं नाही, म्हणून आम्ही आपलंच घालतो."

"तुझंपण आहे?" मी विचारलं.

"आहे की. मलाही चार नातवंडं आहेत."

हसलं कोणी नाही.

आबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "बराबर लिखेल शे त्यानी. आधी मीच जावाले पाहिजे व्हतं. खोडू नका. असंच छापा."

"जित्या माणसाला कै. लावून कार्ड निघत नसतं," मी ओरडलोच. ताईनं ते 'कै.' पुसलं.

आबांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. "आते ती जागा खाली दिसस," म्हणाले.

बाकीचा मजकूर बदलून ताईनं फ्लॉपी दिली. मी तिची पाटी तिला परत बसवून दिली. आबांनी डिस्क रुमालात बांधली, हात जोडले आणि स्टँडकडे चालू लागले. डिस्क सुरू केल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. पण दिवस मावळेपर्यंत मला तो माणूस त्या रिकाम्या जागेकडे चालत जाताना दिसत होता. मी भुताखेताला मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं धुळ्याला गेलो. विचारत विचारत आबांचं घर शोधून काढलं. कडी वाजवली. कोणी येईना. पुन्हा वाजवली. मग आत खोकला आला, दार उघडलं. आबा होते, तोंडाला मिशरी.

"भाऊ, तुम्ही? इतली सकायमा?"

"माझा एक स्क्रू कमी भरतोय," मी म्हणालो. "तुमच्या रुमालात आला का, बघायला आलो."

ते रुमाल झटकायला आत गेले. मी उंबऱ्यावर बसून घेतलं.