अकरा हॉटेलं आणि एक ओळ

दादाला कावीळ नक्की कुठल्या हॉटेलातून झाली?

हे मी डॉक्टरांना विचारलं, त्याच्या ऑफिसातल्यांना विचारलं, रूमवर विचारलं. डॉक्टर म्हणाले, गेल्या महिन्याभरात जिथं जिथं पाणी प्यायला असेल, त्यातलं कुठलंही. याला उत्तर म्हणत नाहीत.

तमिळ मुलखात, तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, आम्ही तिघं मराठी एका रूमवर राहायचो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लातूरचा मंग्या आणि मी. तिघांनाही स्वयंपाक येत नव्हता, त्यामुळे जेवणाचे किस्से आपोआप साठले. एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा येतो. हल्ली सांगायला मी आणि मंग्या दोघंच असतो.

*

दादा पेरुंगुडीच्या एका कंपनीत टेस्टर होता. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा आणि जेवायच्या सुट्टीत एका साइटवर हॉटेलांबद्दल लिहायचा. इंग्रजीत. मी नववी नापास, टी. नगरच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालणारा. मला ते वाचता यायचं नाही, स्टार तेवढे मोजता यायचे.

मंग्याचा मात्र दादाच्या स्टारवर देवासारखा विश्वास. ऑफिसातल्या एका मुलीला पहिल्यांदा जेवायला न्यायचं होतं. दादाचे पाच स्टार बघून तो तिला घेऊन अड्यारला गेला. दादानं लिहिलंच होतं, कोपऱ्यातलं टेबल पकडा.

परत आल्यावर दादानं विचारलं, "मिळालं का टेबल?"

"मिळालं," मंग्या म्हणाला. "आठ नंबरचे बूट मांडलेत त्यावर."

हॉटेल बंद होऊन चार महिने झाले होते. स्टार तसेच होते.

*

आमच्या मॅन्शनसमोर गोपाळराव मामांची मेस. मामा-मामी तंजावरकडचे मराठी, कितीतरी पिढ्या तिकडेच. त्यांचं मराठी जुनं आणि चाल तमिळ. दादा तिथं पहिल्यांदा जेवला तेव्हा मामींनी नुसतं "आणिक भात घाल्तों" म्हटलं आणि त्याचे डोळे भरले. त्यानं लिहून टाकलं, 'घरचं मराठी जेवण.' पाच स्टार.

पुढच्याच रविवारी पेरुंगुडीहून तीन गाड्या भरून माणसं आली. पुण्याची, नागपूरची. कुणाला पिठलं-भाकरी हवी होती, कुणाला पुरणपोळी. मामींनी पानावर भात, सांबार आणि कोबीची भाजी वाढली. एका बाईंनी विचारलं, यात मराठी काय आहे?

मामा म्हणाले, "आम्ही आहोंत की."

संध्याकाळी साइटवर एक स्टार पडला. शुद्ध फसवणूक, असं लिहून. दादाला फार लागलं. त्यानंच जाऊन मामांना सांगितलं, पाचांत एक मिळाला.

"एक तरी दिला ना," मामा म्हणाले. "पोट भरलं असणार."

*

त्या उन्हाळ्यात नळ आटले. सगळं शहर टँकरवर. त्याच महिन्यात दादानं अकरा हॉटेलांबद्दल लिहिलं. नंतर ब्राउझिंग सेंटर, म्हणजे इंटरनेटचं दुकान, सांभाळणाऱ्या अक्काकडून मी ते अकराही वाचून, समजून घेतले. चटणीबद्दल होतं, पंख्याबद्दल होतं, वेटरच्या मिशीबद्दलसुद्धा होतं. चवीला स्टार होते. पाण्याला नव्हते.

*

हॉस्पिटलात दादाचे डोळे पिवळे झाले होते, तरी सवय जात नव्हती. तिथली पेज तोंडाला लावून म्हणाला, "दोन स्टार. मीठ विसरले."

मामा रोज मामींच्या हातची पेज डब्यातून आणायचे. तिला त्यानं हाताची पाचही बोटं दाखवली. गिळता येत नव्हती.

पाचव्या दिवशी डबा उघडायची वेळच आली नाही. मामा तो भरलेलाच परत घेऊन गेले.

*

गावाला तेरावं करून आलो आणि त्याच दिवशी ब्राउझिंग सेंटरमध्ये घुसलो. दादाचा पासवर्ड म्हणजे आईचं नाव. अक्काला म्हटलं, अकराही हॉटेलांखाली एकच ओळ टाइप कर.

"इथं जेवून मी मेलो."

ती म्हणाली, नीट विचार कर. मी म्हटलं, टाइप कर. अकरात मामांची मेसही होती; त्या महिन्यात दादानं तिच्याबद्दल पुन्हा लिहिलं होतं. मी थांबलो नाही.

दहा हॉटेलवाल्यांनी तक्रार करून ती ओळ काढून घेतली. साइटवाल्यांनी दादाचं खातं बंद केलं. मामांना तक्रार कुठं करतात हेच माहीत नव्हतं. त्यांच्या मेसखालची ओळ राहिली. ती काढा म्हणून मी अक्काकडून साइटवाल्यांना चार पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही.

मॅन्शनमधली पोरं ऑफिसात ते वाचून आली आणि पलीकडच्या गल्लीत जेवायला जाऊ लागली. मंग्यासुद्धा.

*

मामांना मीच जाऊन सांगितलं. ओरडतील, मारतील, असं वाटलं होतं. ते खाली बसले. म्हणाले, शनिवारपर्यंत बघू, नाहीतर गावी जाऊ.

मला राहवलं नाही. विचारलंच, "मामा, तुमच्याच पाण्यानं झालं का?"

चुलीपाशी मामींचा हात थांबला.

"ठाव नाही रे, तंबी," मामा म्हणाले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "टँकर सगळ्यांचा एकच."

शनिवारी दुपारी आत पानं मांडलेली आणि समोर कुणी नाही. मॅन्शनच्या फाटकाशी वीसेक पोरं उभी होती, जेवायला निघालेली. मी आत गेलो, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि मेसच्या पायरीवर येऊन उभा राहिलो.

मंग्या पलीकडून ओरडला, "अरे, उकळलंय का ते?"

मी मामींना विचारलं नव्हतं. तांब्या वर धरला. ओठ न लावता वरून ओतून प्यायची इथली पद्धत मला अजून नीट जमत नाही. शर्ट भिजला. सगळा तांब्या संपवला आणि तो दारात आलेल्या मामींपुढे धरून, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "आणखी द्या."