‘सोड’ म्हटल्यावर काय सोडायचं

पाइप गुंडाळायला दोन माणसं लागतात. एक टोक धरून मागं मागं जातो, दुसरा वेटोळं घालतो. एका शाळेच्या काचा धुऊन झाल्यावर मी आणि माझी बायको कौसल्या हेच करत होतो. पाइपला पीळ पडला होता. ती म्हणाली, "एक वेढा उलटा घाला जी, नाई तं उद्या माह्याच जिवाले तरास." मी उलटा वेढा घातला. पाइप टेम्पोत टाकला. रस्त्यात संत्री घेतली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. पुढं तिच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, ते सगळं मी एकट्यानं केलं. ती नुसती पडून होती.

मी हे रडायला लिहून नाही राहिलो. पाण्याबद्दल लिहून राहिलो. पण पाणी तिच्या हातात होतं, म्हणून तिला सोडून सांगता येत नाही.

मी चंद्रपुरात मोठ्या इमारतींच्या बाहेरच्या काचा धुतो. आधी शिडीवर चढून धुवायचो. आता पोल आहे. पोल म्हणजे लांब हलकी नळी, एकात एक सरकणारी, वर ब्रश. पाण्याचा बारीक पाइप पोलच्या पोटातून वर जातो आणि ब्रशमधून पाणी काचेवर पडतं. माणूस जमिनीवर, ब्रश चौथ्या मजल्यावर. मोटर बॅटरीची. मोटरवर एक चक्री असते, गॅसच्या बटनासारखी. तिनं पाणी कमी-जास्त होतं.

खरी भानगड पाण्याची. आमच्या बोअरच्या पाण्यात चुना. ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके. म्हणून पाणी आधी फिल्टरमधून काढावं लागतं. एका बारक्या मीटरवर त्याचा आकडा बघायचा. शून्याजवळ असला की ते पाणी पुसावं लागत नाही, वाळलं तरी काच साफ. पण फिल्टर चालतो गोगलगाईसारखा. रात्रभर लावला तर सकाळी एक टाकी भरते. ती संपली की त्या दिवशी तुमचं काम संपलं. दुपारी मिळत नाही, उसनं मिळत नाही.

म्हणून टाकीजवळ भरवशाचं माणूस पाहिजे. मी पुढून ओरडणार, ते मागं चक्रीवर आणि पाइपवर हात ठेवून बसणार. कौसल्या असताना एका टाकीत एक अख्खी बाजू निघायची. वर थोडं उरायचं.

ती गेल्यावर पहिलं मोठं काम आलं ते हायवेवरच्या हॉटेलचं. चार मजले, समोरून नुसती काच. आमच्याकडं कोळशाची धूळ, काच दोन महिन्यांत काळी पडते. हे हॉटेल आमच्याकडं पहिल्यापासून होतं. रविवारी तिथं मोठं लग्न. मॅनेजर नागपूरचा पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, तुम्ही एकटे आहात आता. जमेल ना? नाहीतर नागपूरहून दोरीवाले बोलावतो. मग वर्षभराचं काम त्यांनाच द्यावं लागेल."

म्हटलं, "जमते."

हे काम गेलं असतं तर पोल विकावा लागला असता. चंद्रपुरात एवढी काच दुसरीकडं नाही.

टाकी हॉटेलच्या मागं, बोअरजवळ. तिथंच वॉचमन सुकरूची खोली. त्याची बायको मैनाबाई दिवसभर तिथंच असायची. दोघं गडचिरोलीकडचे, धानोऱ्याच्या पलीकडचे, घरात गोंडी बोलणारे. मी मैनाबाईला टाकीजवळ बसवलं. चक्री दाखवली, पाइप दाखवला. म्हटलं, "मी ओरडतो तसं करजो."

"बरं भाऊ," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी अर्धी बाजू व्हायच्या आत पाणी संपलं.

मी समजलो, धूळ जास्त असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. शिवाय पाइप सारखा अडकायचा. मी 'सोड' ओरडायचो आणि पाइप यायचा नाही. हिसका मारून ओढावा लागायचा, खांदा भरून आला. ब्रशमधून पाणी मात्र धो धो. मला वाटलं, बॅटरी नवीन आहे, जोर आहे.

मग माझं डोकं चालू झालं. माझं डोकं चालू झालं की आधी चोर शोधतं. कौसल्या म्हणायची, तुम्हाला देवळातल्या घंटेवरही संशय येतो.

पहिला संशय हॉटेलच्या माळ्यावर. त्याची कुंडीतली झाडं मे महिन्यात हिरवीगार कशी? माळ्याला विचारलं तर म्हणाला, "बुढ्या, तुह्या फिल्टरच्या पाण्यानं झाड मरते, जगत नाई." मग हॉटेलच्या ड्रायव्हरवर. गाडी धुतो, ठिपका पडत नाही. त्यानं बॉनेट दाखवलं, ठिपकेच ठिपके. मग सुकरूवर. रात्री टाकीजवळ एकटा तोच.

टाकी पांढऱ्या प्लास्टिकची, पाणी बाहेरून दिसतं. त्या दिवशी फिल्टर दुपारीच लावला होता. मध्यरात्री टाकी भरली, फिल्टर बंद केल्यावर मी पाण्याच्या पातळीवर कोळशानं रेघ मारली आणि घरी गेलो. पहाटे आलो. पाणी रेघेला रेघ. म्हणजे रात्री कोणी नेत नव्हतं. दिवसाच जात होतं, माझ्या पाठीमागं. आणि माझ्या पाठीमागं एकच माणूस होतं.

मी काम चालू केलं. थोड्या वेळानं ब्रश काचेला टेकवून पोल तसाच भिंतीला उभा केला आणि चपला काढून इमारतीच्या बाजूनं मागं गेलो.

मैनाबाई टाकीच्या खालच्या तोटीला पितळेची गुंडी, म्हणजे लहान घागरच, लावून पाणी भरत होती.

"सापडली का नाई!" मी ओरडलो. "काऊन व मैनाबाई? माह्या पाण्यावर घर चालवून राह्यली का?"

तिनं गुंडी सोडली नाही. म्हणाली, "वरणाले नेतो भाऊ. बोअरच्या पाण्यात डाळ गळत नाई. चिल्लरसारखी वाजते भांड्यात."

"मले विचारलं?"

"बाईनं सांगितलं होतं. कौसल्याबाई इथी काम असलं का रोज देत होती एक गुंडी. म्हणे, घेत जा."

मी म्हटलं, "मेलेल्या बाईचं नाव घेतलं का कोणी विचाराले जात नाई, म्हून घेतलं ना?"

सुकरू खोलीतून बाहेर आला. "भाऊ, तोंड सांभाळून बोला. ती खोटं नाई बोलत."

"तू तिचा नवरा. तू काय बोलशील?"

"बाई घरी बी नेत होती," मैनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुमच्याच वरणाले. एक कॅन. तुम्हाले सांगे बॅटरीचं पाणी आहे म्हून. विचारा आपल्या मनाले!"

कॅन होता. बॅटरीचं पाणी म्हणून मीच तो टेम्पोतून उचलून घरात ठेवायचो. पण माझ्या घरातली गोष्ट हिला माहीत, आणि मला नाही? माझा राग त्यानं वाढला. मी तडक मॅनेजरकडं गेलो आणि सांगितलं, वॉचमनची बायको पाणी चोरते, म्हणून काम पुढं सरकत नाही.

मॅनेजरनं डोळे बारीक केले. "बरं झालं सांगितलं. असले लोक नको मला. आज मी नागपूरला चाललोय. उद्या सकाळी आलो की खोली खाली करायला सांगतो."

मला बरं वाटलं. मागं येईपर्यंतच बरं वाटलं.

कारण टाकीकडं बघितलं आणि माझं डोकं पुन्हा चालू झालं. ती गुंडी कितीशी? टाकीत बोटभर. आणि पाणी वीतभर खाली गेलं होतं. दहा घरांचं वरण शिजवलं तरी एवढं पाणी लागत नाही. म्हणजे ती अजून कुठंतरी नेत होती. विकत होती काय? मी ठरवलं, आता हलायचं नाही. डोळ्यांनी बघायचं.

सुकरूला बाजूला नेऊन म्हटलं, "चाल, पुढं जाऊन पोल धर. ब्रश वर-खाली कर. पाइप अडकला का 'सोड' म्हणजो. मी इथी बसतो."

तो गेला. मैनाबाई चक्रीजवळ बसली, माझ्याकडं पाठ करून. मी टाकीला टेकून बसलो आणि तिच्या हाताकडं बघत राहिलो.

पुढून सुकरूचा आवाज आला, "सोड!"

पाइप तिच्या पायाशी वेटोळं घालून पडला होता. तो तिनं पाय लावूनही ढकलला नाही. तिचा हात चक्रीवर गेला. तिनं चक्री एक घर पुढं केली.

"सोड!" पुन्हा आवाज.

पुन्हा एक घर.

"काय करून राह्यली?" मी विचारलं.

"तो म्हणला ना सोड. सोडलं."

"पाइप सोड, बाई! पाइप! तो ढिला कर म्हणते."

तिनं वळून बघितलं. "सोड म्हणजे पाणी सोड. पाइप काय बकरी आहे का, सोडाले?"

मी राजुऱ्याकडचा, कापसाचा माणूस. आमच्याकडं सोड म्हटलं की दोर ढिला करायचा. हे धानाचे लोक. यांच्याकडं बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उभा राहून माणूस 'सोड' ओरडला की वरचा माणूस पाणीच सोडतो, दुसरं काही सोडायला नसतंच. मी पुढून पाइप मागत होतो आणि ती मागून पाणी देत होती. पाइप अडकत गेला, मी ओरडत गेलो, चक्री चढत गेली. संध्याकाळी ती चक्री शून्यावर आणून ठेवायची, म्हणून सकाळी मला काही दिसत नव्हतं.

"एवढं पाणी कशाले लागते, विचारलं काऊन नाई?" मी म्हटलं.

"मी म्हटलं, बुढ्याची बाई गेली, राग आहे, उडवून राह्यला पाणी. कोण बोलते मंधात?"

पुढून सुकरू पुन्हा ओरडला, "सोड ना व! मुंडकं धुवून निघालं माह्यं!"

मैनाबाई हसली. मग माझ्याकडं बघून हसू आवरलं.

कौसल्या नागभीडची. तीही धानाचीच. माझं 'सोड' तिला पाइपचं आहे हे कसं कळलं, केव्हा कळलं, मी तिला कधी विचारलं नाही. तिनं पहिल्या दिवसापासून पाइपच सोडला.

पण मी ऐकून मानणारा माणूस नाही. चक्रीचं डोळ्यांनी बघितलं, वरणाचं बाकी होतं. संध्याकाळी टाकीत उरलेलं पाणी बाटलीत भरून घरी नेलं. ती गेल्यापासून माझी डाळ शिजत नव्हती. किराणावाला जुनी डाळ मिसळतो म्हणून मी त्याच्याशी भांडून दुकान बदललं होतं. त्याच्याकडचीच उरलेली डाळ, बाटलीतलं पाणी. दोन शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं तर डाळ गळून लोणी झाली होती. मी मीठ घालून तशीच खाल्ली. फोडणी करायचं सुचलं नाही.

तर पाण्याच्या बाबतीत माझं एवढं म्हणणं आहे. टाकी मोठी घ्या, फिल्टर चांगला घ्या, मीटर बघा, उन्हाच्या आत काम उरका, हे सगळं ठीक. पण दोन माणसांमध्ये इमारत असेल तर आधी बसून शब्द ठरवा. पाण्याचा एक, पाइपचा एक. संशय घेण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर यायच्या आधी मी त्याच्या केबिनच्या पायरीवर जाऊन बसलो. सुकरूनं खोलीतलं सामान बाहेर काढून ठेवलं होतं. मॅनेजर काय म्हणाला ते त्याला कोणी सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. मॅनेजर गाडीतून उतरला.

"काका, काम बंद का?"

"साहेब, पाणी चोरीले नाई गेलं. माह्याच ओरडण्यानं गेलं." मी त्याला चक्रीचं सांगितलं. त्याला अर्धं कळलं.

"पण बाई पाणी घेत होती, हे तुम्हीच बोललात."

"घेत होती. आम्ही देत होतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी अन् माही बायको."

माझ्यावर त्याचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. मी त्याच्या जागी असतो तर माझाही बसला नसता. शेवटी म्हणाला, "रविवारच्या आत काच झाली पाहिजे. नाही झाली तर तुम्ही पण बाहेर आणि ते पण."

"होते."

मी मागं गेलो. मैनाबाई आपल्या गाठोड्यावर बसली होती. म्हटलं, "गुंडी आण आधी. टाकी भरलेली आहे, तोवर भरून घे." ती उठली नाही. मी बाहेर काढलेल्या सामानात गुंडी शोधली, दुसऱ्या गाठोड्यात बांधलेली होती, ती सोडवली आणि तोटीखाली धरली. भरून तिच्यापुढं ठेवली.

"माफी मागून राह्यले का?" तिनं विचारलं.

"शब्द ठरवाले आलो. पाण्याले 'पाणी' म्हणीन. पाइपाले 'ढील' म्हणीन. पतंगाले म्हणते तसं."

"अन् सोड?"

"सोड म्हणतच नाई आता."

ती चक्रीपाशी जाऊन बसली. मी पुढं गेलो, पोल उभा केला, ब्रश चौथ्या मजल्याला लावला. पहिली काच, दुसरी काच. तिसऱ्या काचेला पाइप ताणला.

"ढील!" मी ओरडलो.

मागून पाइप सरसर आला.