सेकंड शिफ्टचे फोड

“हेही परत आलं,” पाठक सर म्हणाले आणि त्यांनी हातातली बॅटरी माझ्याकडे दिली.

ट्रॅक्टरचं लाल बॉनेट होतं. समोरून पाहिलं तर आरशासारखं. बॅटरीचा उजेड तिरका पाडला की सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसायची. मधूनमधून फुटलेले फोड. आमच्याकडे त्याला पिनहोल म्हणतात. असं बॉनेट कस्टमर घेत नाही. पुन्हा घासायचं, पुन्हा रंगवायचं.

चाकणच्या त्या पेंट शॉपमध्ये मी प्रोसेस इंजिनिअर होते. म्हणजे रंग का बिघडला, याचं उत्तर मी द्यायचं. पाठक सर प्लांट हेड. त्यांना उत्तर संध्याकाळपर्यंत हवं असायचं.

एप्रिल संपत आला होता. फर्स्ट शिफ्टची बॉनेट स्वच्छ निघत होती. सेकंड शिफ्ट दुपारी सुरू व्हायची, तिची पहिली काही बॉनेट चांगली जायची आणि मग फोड सुरू. बरं, रोज नाही. एखादा दिवस सगळं ठीक, मग सलग दोन दिवस वाईट.

रंग तोच, फवारायची गन तीच, रंगवायची बंद खोली म्हणजे बूथ तोच. बदलत होता फक्त माणूस. त्यामुळे सगळ्यांचं बोट महादेवकडे वळलं.

महादेव सेकंड शिफ्टचा पेंटर. बीडकडचा, कॉन्ट्रॅक्टवर. काळेवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचा. बायको आणि मुलगी नुकत्याच गावाहून आल्या होत्या, मुलीला शाळेत घालायचं चाललं होतं. पाठक सरांनी त्याला फर्स्ट शिफ्टला घेतलं आणि तिथल्या पेंटरला सेकंड शिफ्टला टाकलं. पुढचे काही दिवस दोन्ही शिफ्ट स्वच्छ. सर म्हणाले, सकाळी मी समोर असतो म्हणून नीट करतो, एरवी हातच खराब त्याचा. कॉन्ट्रॅक्टरनं महादेवला रंगावरून काढून पॅकिंगला लावलं आणि मेअखेर दुसरीकडे बघ म्हणून सांगितलं.

महादेव माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “मॅडम, माझं चुकलं असंल तर काय चुकलं ते तरी सांगा. दुसरीकडं गेलो तर तिथं बी तेच करीन मी.”

मी दोन्ही शिफ्टच्या नोंदी पुन्हा काढून बसले.

त्याच आठवड्यात सेकंड शिफ्टला पुन्हा फोड आले. आता गन दुसऱ्याच्या हातात होती. पाठक सरांनी बॉनेटवर बॅटरी तिरकी धरली. म्हणाले, आता याचाही हात बिघडला का? ते चिडलेले नव्हते. माझ्याइतकेच गोंधळले होते. पण महादेवला परत रंगावर घ्या, असं काही ते म्हणाले नाहीत. कारण सापडेपर्यंत आहे तसं राहू दे, म्हणाले.

मला पहिल्यापासून पाण्याचा संशय होता. हा रंग दोन डब्यांचा असतो. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनर म्हणजे रंग घट्ट करणारं रसायन. त्याला पाण्याचं वावडं. रंगात थोडंसं पाणी गेलं तरी हार्डनर त्याच्याशी भिडतो आणि गॅस तयार होतो. तो गॅस ओल्या रंगातून बाहेर पडताना फोड येतो, फुटला की भोक.

गनमधून रंग उडवायला दाबाची हवा लागते. ती कंप्रेसरमधून येते. पाणी येत असेल तर तिथूनच. मी मेंटेनन्सच्या दत्ताभाऊंना कंप्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन, म्हणजे साठलेलं पाणी सोडायचा नळ, उघडून बघायला सांगितलं. दत्ताभाऊ चाकणजवळच्याच गावचे. सकाळी शेतावर चक्कर मारून कंपनीत यायचे. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी माझ्यासमोर ड्रेन उघडला. नुसती हवा आली. “पानी न्हाई मॅडम. कोरडी ठाक हाय,” ते म्हणाले. आठवडाभर रोज सकाळी बघितलं. थेंब नाही.

मग मी पावसाकडे वळले. वळवाचे दिवस होते. पण वळवाचा काही भरवसा नसतो. दिघीत राहणारे लोक भिजून यायचे आणि चाकणला धूळ उडत असायची. एकदा मोशीत गारा पडल्या, आमच्याकडे ढगसुद्धा नीट आले नाहीत, आणि त्या संध्याकाळी सर्वात जास्त फोड. उलट आमच्या शेडवर धो धो पाऊस झाला त्या दिवशी एकही बॉनेट खराब नाही. मी पाठक सरांना सांगून टाकलं, पावसाचा संबंध नाही. पाऊस पडला की उलट रंग चांगला येतो. हे म्हणताना मलाच विचित्र वाटत होतं.

लॅबमध्ये हवेतला दमटपणा मोजायचा मीटर होता. तो मी बूथजवळ ठेवला. सकाळी हवा अगदी कोरडी. दुपारी त्याहून कोरडी. चहाच्या सुट्टीनंतर बघते तर आकडा दुपटीच्या वर गेलेला. बाहेर ऊन. आकाश निळं. मीटर बिघडला म्हणून मी दुसरा मागवला. दोन्ही शेजारी ठेवले. दुसऱ्या संध्याकाळी दोघांनी एकदमच उडी मारली.

मग मी खोपोलीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला. तिनं शांतपणे सांगितलं, आमच्याकडे घाटाखाली तर ही दमट हवा दिवसभर असते. तुमचं पठार उन्हानं तापलं की ती वर ओढली जाते. समुद्रावरचा वारा घाट चढून मावळातून यायला संध्याकाळ होते. आला तर येतो, पूर्वेकडून कोरडा वारा जोरात असेल तर नाही येत. दोन्ही वारे जिथे भिडतात तिथे ढग उभे राहतात आणि गडगडाट होतो. म्हणून पाऊस एका गावात, शेजारचं गाव कोरडं.

म्हणजे पाऊस दुसरीकडे पडला तरी दमट हवा आमच्याकडे येऊन गेलेली असायची. हे पटलं. पण मग टाकी कोरडी कशी? आणि आमच्याकडे पाऊस पडतो त्या दिवशी बॉनेट चांगली कशी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अंधारात मिळालं. एका संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. वारं सुटलं, पत्रे वाजायला लागले, पाऊस आला आणि लाईट गेली. जनरेटरवर दिवे आणि पंखे चालायचे, रंग वाळवायचा ओव्हन नाही. ओव्हन नाही म्हणजे लाइन बंद. सगळे जिथे होते तिथे बसले. मी रिकाम्या बूथकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की आज सेकंड शिफ्टला एकही खराब बॉनेट निघणार नाही. कारण आता एकही बॉनेट रंगवलंच जाणार नव्हतं. मी ज्याला चांगले दिवस म्हणत होते, ते बंद दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी दत्ताभाऊंना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. कुरकुरले, पण थांबले. आकाश स्वच्छ होतं. मीटर वर चढला. थोडा वेळ जाऊ दिला आणि त्यांनी ड्रेन उघडला.

पाण्याची पिचकारी थेट त्यांच्या पँटवर आली. गंजकं, तांबडं पाणी. थांबेचना.

दत्ताभाऊंनी खाली वाकून ते पाणी बोटावर घेतलं. मग म्हणाले, “आमी रोज सकाळीच बघतो की ओ.”

पुढचं उलगडायला वेळ लागला नाही. कंप्रेसर हवा ओढायचा ती पश्चिमेच्या भिंतीतल्या झडपेतून. संध्याकाळचा दमट वारा थेट तिथे यायचा, आणि हवा दाबली गेली की तिच्यातलं पाणी टाकीत सुटायचं. टाकीतलं पाणी आपोआप बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह गंजून अडकला होता. कोरड्या महिन्यांत टाकीत पाणीच साठत नव्हतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. पावसाळ्यात दर शिफ्टला ड्रेन उघडायची शिस्त होती, उन्हाळ्यात नव्हती. आणि सेकंड शिफ्ट संपली की टाकीतली सगळी हवा सोडून द्यायची पद्धत होती. ती खालच्या नळातूनच सुटायची, त्यामुळे रात्री अंधारात पाणीही निघून जायचं. सकाळी आम्ही रिकामी टाकी तपासत होतो.

व्हॉल्व्ह बदलला. हवेच्या लाइनवर पाणी अडवणारा आणखी एक फिल्टर लावला. फोड थांबले.

मी पाठक सरांना म्हटलं, आता महादेवला परत रंगावर घ्यायला हवं. ते लगेच हो म्हणाले. पण महादेव लगेच हो म्हणाला नाही. पॅकिंगच्या टेबलाशी उभा राहून त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “येतो की. पण माझा हात खराब नव्हता हे शिफ्टसमोर सांगा. तुम्ही नाही मॅडम, सरांनी.”

मी निरोप दिला. सेकंड शिफ्ट सुरू होताना ते खाली आले, सगळ्यांना बूथपाशी बोलावलं, दोषाचं कारण टाकीतलं पाणी होतं, असं दोन वाक्यांत सांगितलं आणि वळले. चार पावलं जाऊन थांबले. परत आले. म्हणाले, “महादेवचा काही दोष नव्हता. मी चुकीचं बोललो होतो.”

महादेवनं मान हलवली, मास्क चढवला आणि बूथमध्ये गेला. जूनमध्ये मुलगी शाळेत जायला लागली, हे त्यानं मला आपणहून सांगितलं.

या सगळ्यातून मी कामापुरती एक गोष्ट उचलली. एखाद्या दिवशी रिजेक्शन शून्य दिसलं की मी आधी विचारते, त्या दिवशी काम झालं होतं का?