टॉलिव्हर बाईंचा तास

आमच्या शाळेचं साप्ताहिक पत्रक शुक्रवारी पोरांच्या दप्तरातून घरी जातं. ते मी लिहिते. ऑफिसात बसून फोन घ्यायचे, ताप आलेल्या पोरांच्या आयांना बोलवायचं आणि उरल्या वेळात हे. फेब्रुवारी हा काळ्यांच्या इतिहासाचा महिना, तो आला की पत्रकात आमच्या काळ्या लोकांतले थोर येतात. गुलामांना सोडवून नेणारी हॅरिएट टबमन, भुईमुगाचा शास्त्रज्ञ जॉर्ज कार्व्हर, मुलींसाठी शाळा काढणारी मेरी बेथ्यून. पोरं त्यांची चित्रं काढून वर्गांच्या दारांवर चिकटवतात. यंदा मला त्यांच्या पंगतीत टॉलिव्हर बाई हव्या होत्या.

मला वाचायला शिकवलं ते ह्या बाईंनी. मी तिसरीत असताना काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकायचा हुकूम आला, आमची, काळ्या पोरांची शाळा बंद झाली आणि आम्हांला गोऱ्यांच्या शाळेत घातलं. पोरांना बाकं मिळाली. बाईंना वर्ग नाही मिळाला, स्वयंपाकघर दाखवलं! एवढी शिकलीसवरलेली बाई, निवृत्त होईपर्यंत आमच्या ताटांत मक्याचा पाव वाढत राहिली. शेंबडी पोरंसुद्धा त्यांना 'ए अर्नेस्टीन' अशी नावाने हाक मारायची. माझी आई मात्र बजावायची, "बाई म्हणायचं हं, नाहीतर थोबाड फोडीन."

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बाई पालेभाजी निवडत होत्या.

"पत्रकात? अगं डेल्फीन, तिथे मेलेल्यांची नावं घालतात. मी चांगली धडधाकट आहे."

"चारच ओळी लिहिते, बाई."

"काय लिहिशील? पाव छान भाजायची म्हणून?"

"मला वाचायला शिकवलंत म्हणून."

बाईंनी भाजी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "थोरांत नाव नको गं. मला एक तास दे, तिसरीचा. मरायच्या आधी एकदा वर्गापुढे उभं राहायचंय. आता जमतंय की नाही, कोण जाणे."

मुख्याध्यापक ब्रॅनम सर वयाने लहान, पण देव त्यांचं भलं करो, एका शब्दात हो म्हणाले. पत्रकात मी एवढंच छापलं, 'गुरुवारी तिसरीला टॉलिव्हर बाई शिकवतील.' छापताना रडले, त्यात लाज कसली!

गुरुवारी बाई चर्चला जायची निळी टोपी घालून आल्या. फळ्यावर नाव लिहिलं, ते शेवटाकडे वाकडं खाली उतरत गेलं. मागच्या बाकावरचा रॉस्को, एक नंबरचा उपद्व्यापी, खिदळला. बाईंनी नुसतं वळून पाहिलं. बस्स! दाराशी उभी असलेली मी पन्नाशीला टेकलेली, तरी माझीच पाठ ताठ झाली.

मग बाईंनी त्यालाच उभं करून कार्व्हरचा धडा वाचायला लावला. पोरगं एका शब्दाला अडलं. बाकीची पोरं तो शब्द सांगायला सरसावली, तर बाईंनी हाताने गप्प केलं. त्याच्याशेजारी जाऊन शब्दाखाली बोट ठेवलं आणि थांबल्या. घाई नाही, त्रागा नाही. मलाही त्यांनी असंच वाचतं केलं होतं. ते बोट नसतं तर आज मी कुठे असते, विचारही करवत नाही.

रॉस्कोने शब्द वाचला. मग ओळ, मग अख्खं पान. तेवढ्यात घंटा झाली.

"बाई," तो पुस्तक न मिटता म्हणाला, "पुढचं पान उद्या ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. उद्याचं कोणी काही ठरवलंच नव्हतं. मी जोरजोरात मान डोलावली.

"उद्या," बाई म्हणाल्या. "आणि घरून वाचून ये. विचारणार आहे मी."