मनोरीच्या धक्क्यावरचं गाऱ्हाणं

बाळांनो, मनोरीला जायला खाडी ओलांडावी लागते, म्हणून मालाडमध्ये आम्ही त्याला बेटच म्हणायचो. ऐंशीच्या दशकात तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विसर पडू लागला होता. गॅस चालू राहायचा, माझं नाव आठवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. तुमच्या आजोबांनी रजा काढली; मी डबे भरले, छत्र्या घेतल्या, होडीची वेळ विचारून ठेवली. सगळं नीट आखलं होतं.

पलीकडे उतरल्यावर सासूबाई एकदम ताठ झाल्या. रंगवलेल्या होड्या, दांडीवर वाळणारे बोंबील, माडांमागची घरं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "इलंय बाई एकदाची."

त्यांना ते मालवणकडचं आपलं बंदर वाटलं. दिवसभर मलाही बरं वाटलं; किती महिन्यांनी हसत होत्या.

संध्याकाळी परतीची शेवटची होडी लागली. सासूबाई धक्क्याच्या दगडावरून हलेनात.

"तुमी जावा. मी माझ्या घरी इलंय."

"ओ साहेब, ओहोटी लागली!" होडीवाला ओरडला. "होडी रुतली तर सगळेच ऱ्हाल इथं!"

तुमच्या आजोबांनी त्यांचा दंड धरला. त्या किंचाळल्या, "ह्यो कोण? माका खंय नेता?"

टोपली घेतलेली एक कोळीण मध्ये पडली. "काय रं, म्हातारीला खेचतंस कुठं?"

"माझी आई आहे हो!"

"मंग ती तुला वळखत का नाय?"

माणसं जमली. मी आमचा पत्ता सांगत सुटले, जसं काही पत्त्याने आई सिद्ध होणार होती. होडीवाल्याने दोर सोडायला घेतला.

तेवढ्यात सासूबाई पुटपुटल्या, "गाऱ्हाणा घातल्याशिवाय दर्यार कोण पाय ठेयता?"

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे; त्यांच्या गावी निघताना घरातला वडीलधारा देवाला हाक मारून मागणं मागतो आणि बाकीचे होकार देतात. तुमच्या आजोबांनी ते लहानपणी फक्त ऐकलं होतं. त्यांनी चपला काढल्या, खाडीकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ही माझी आवस. हिका सुखरूप तिच्या घराक पोचव रे म्हाराजा!"

मी मुलुंडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, तरी पहिला होकार मीच दिला, "होय म्हाराजा." मग होडीतून दोन-तीन आवाज आले. शेवटी सासूबाईंचा, खणखणीत. त्या उठल्या आणि त्यांनी आजोबांचा हात धरला. कोळिणीने मागून आधार दिला.

खाडी ओलांडेपर्यंत त्या समोर टक लावून बसल्या होत्या. मालाडच्या बाजूला, मार्व्याच्या धक्क्यावर रिक्षांची रांग दिसली.

"घर इला?"

"इला, आई."

त्यांनी रिक्षा पाहिल्या, मग आजोबांकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांनी मुलाला नक्की ओळखलं.

"देवाक खोटा सांगलंस रे, झिला," त्या म्हणाल्या.

आजोबा रिक्षात त्यांच्या शेजारी बसले. मालाड येईपर्यंत आईचा हात त्यांनी धरून ठेवला होता, आणि तो सोडवून घ्यायला त्या सतत धडपडत होत्या.