काठाला लागलेली पिल्लं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

पालमजवळ आमच्या रानात शेततळं आहे. त्यात माशांची पिल्लं सोडायची ठरली, तेव्हा परभणीला शिकायला मी गेले. हौस मात्र अक्कांची जास्त. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. पिल्लांना खायला घालायचा कोंडा न् पेंड त्यांनी आधीच बारीक चाळून ठेवली होती.

पिल्लांच्या पिशव्या आल्या की त्या न उघडता तळ्यात तरंगत ठेवायच्या — आतलं पाणी तळ्याच्या पाण्याइतकंच गार-गरम होईस्तोवर. एवढासा जीव, एकदम बदललेलं पाणी त्याला सोसत नाही. घरात हे फक्त मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मला बोरीला मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. जीपवाला हॉर्न देत होता, मी नवी साडी नेसले होते, ऊन चढलेलं — आणि मी पिशव्या फाडून सरळ ओतल्या. संध्याकाळी थोडी पेंड टाका, असं अक्कांना सांगून निघाले.

दुसऱ्या दिवशी परतले तर काठाला पांढरी पोटं लागलेली. अक्का गुडघाभर पाण्यात उभ्या राहून मेलेली पिल्लं पदरात गोळा करत होत्या. नवऱ्यानं विचारलं, "कशानं झालं?" कशानं झालं ते मला माहीत नव्हतं का?

"पेंड जास्त पडली आसंल," मी म्हणाले.

अक्का आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "आसंल बाई. माझा हातच जड हाय."

कुणी त्यांना बोललं नाही. बोललं असतं तर मी तोंड उघडलं असतं? नाही वाटत.

पुढच्या खेपेपासून मी पिशव्या नीट तरंगवल्या. पिल्लं जगली. अक्का मात्र तळ्याकडे फिरकल्या नाहीत.

गेल्या महिन्यात गावातल्या बायकांच्या गटानं एक तळं घेतलं. अक्कांची हौस त्यांना ठाऊक होती, म्हणून ते तुम्हीच सांभाळा म्हणत त्या अक्कांकडे आल्या. अक्कांचा चेहरा क्षणभर उजळला — मी पाहिला. मग त्या म्हणाल्या, "नगं. माझ्या हातानं मरतेल."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी समजूत घालीन, असं वाटलं असेल त्यांना.

मी म्हणाले, नको म्हणतायत तर राहू द्या.