उत्तराचे दोन गाल

डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या उत्तराने आयुष्यात कुणाचं मन मोडलं नाही. लोक या गुणाचं तोंडभर कौतुक करत. निस्तरायचं मात्र तिचं तिलाच. एकाच दिवशी दोन घरची आमंत्रणं आली तर ती दोन्हीकडे अर्धपोटी जेवायची आणि दोन्हीकडे ‘अगदी पोटभर झालं हो’ म्हणायची. मेथी एका भाजीवालीकडून घेतली की कोथिंबीर समोरचीकडून, कारण दोघीही ओळखीच्या. अशा बाईची एक दिवस पंचाईत होणारच होती, ती मुलाच्या, सिद्धेशच्या, साखरपुड्याच्या निमित्ताने झाली.

सिद्धेशच्या बाळंतपणानंतर उत्तराच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग उमटले ते कायमचेच. ते तिला फार छळत. फोटोत ती नेहमी कुणाच्या तरी खांद्याआड उभी राहायची, आणि घरात नवऱ्याशी बोलतानासुद्धा खिडकीकडे पाठ करून. पण साखरपुड्यात लपणार कुठे? वरमाय सगळ्यांच्या पुढेच लागते.

होणारी सून समीक्षा ठाण्याची, माजिवड्याची. तिने पहिल्याच भेटीत ते डाग हेरले आणि दुसऱ्या भेटीला बाटली आणली.

“आई, हे व्हिटॅमिन सीचं सिरम. पंधरा टक्के. रोज सकाळी चार थेंब. आणि फ्रिजमध्येच ठेवा हां, रंग गडद झाला की फेकून द्यायचं.”

पोरगी लग्नाआधीच ‘आई’ म्हणत होती. उत्तरा विरघळली. पण त्याच आठवड्यात समोरच्या दारातल्या मालनवहिनी दुसरी बाटली घेऊन हजर.

“तिचं पंधरा टक्के ना? हे वीस! आमचा भाचा एमआयडीसीत आहे, तिथेच भरतात असली सिरमं. अगं, बाटली बदलली की डोंबिवलीचं ठाण्याचं होतं आणि भाव डबल होतो.”

मालनवहिनी म्हणजे काही साधी शेजारीण नव्हे. सासूबाईंच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावून आलेली बाई. आता एकीचं लावायचं तर दुसरीला काय सांगायचं? उत्तराने कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “दोन्ही बेस्ट आहेत, काकी.” दुकानात दोन्ही प्रकारची सिरमं मांडलेला माणूस आणखी काय सांगणार!

शेवटी उत्तराने आपल्या स्वभावाला शोभेल असा तोडगा काढला. उजव्या गालाला सुनेचं, डाव्या गालाला मालनवहिनींचं. कपाळाला काहीच नाही, निदान तिथे तरी वाद नको.

वहिनींचं सिरम झोंबायचं. रोज सकाळी डावा गाल चुरचुरत असताना उत्तरा चहा ढवळत उभी राहायची आणि मनात म्हणायची, वीस टक्के म्हणजे थोडं सोसायलाच हवं. वहिनी आल्या की ती डावा गाल पुढे करी, समीक्षा आली की उजवा. सिरमचा गुण यायचा तेव्हा येवो, मान मात्र आखडली.

साखरपुडा ठाण्याच्या एका हॉलमध्ये भर दुपारी होता. स्टेजवर समीक्षा उत्तराच्या उजव्या हाताला बसली, आणि आहेर द्यायला आलेल्या वहिनी नेमक्या डावीकडून चढल्या.

“आई, काय ग्लो आलाय तुम्हाला!” समीक्षा कुजबुजली.

“बघ, म्हटलं नव्हतं?” वहिनींनी दुसऱ्या कानात विचारलं.

“त्या सिरमचाच गुण,” उत्तरा म्हणाली, कुणाकडेही न बघता. दोघीही खूश झाल्या.

पण खरं काय ते तिला स्वतःला कळेना. आरशात कधी हा गाल उजळ वाटे, कधी तो. दोन्ही बाटल्या तळाला गेल्या होत्या आणि आता पुढची निवडायची होती. निःपक्षपाती माणूस घरात एकच होता. तिने हॉलमधल्या जेवणाच्या टेबलापाशी रमलेल्या सुदेशला, म्हणजे नवऱ्याला, हाताला धरून खिडकीपाशी आणलं आणि तोंड उजेडाकडे केलं.

“अहो, खरं सांगा. कुठल्या गालावरचं वांग जास्त गेलं?”

सुदेशने जिलबीची वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. उजवा गाल बघितला, डावा बघितला. पेपर अवघड गेलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा झाला.

“वांग?” तो म्हणाला. “तुला वांग होतं?”

उत्तराला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. ज्याच्यापासून लपवायचं म्हणून तिने इतकी वर्षं उजेड टाळला, त्याने कधी बघितलंच नव्हतं. आलेलंही नाही आणि गेलेलंही नाही.

“अगं, छान दिसतेस की,” सुदेश चाचरत म्हणाला, “नेहमीसारखीच.” आणि त्याचा हात वाटीकडे गेला.

उत्तराने वाटी त्याच्या हाताला लागणार नाही अशी लांब सरकवली.

“जिलबी नंतर,” ती म्हणाली. “आधी माझ्याकडे बघा.”